डोळे मिटून मारलेला टोमणा

आमच्या चर्चच्या मंडळीत भांडायची एक सभ्य सोय आहे, ती म्हणजे प्रार्थना. हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि जे माणसाच्या तोंडावर बोलता येत नाही ते देवाला सांगायचं, जरा मोठ्यानं. मध्येच उठून कुणी उत्तर देऊ शकत नाही. मी ही सोय एकदा वापरली, आणि पुढे दोन महिने ती मलाच झोंबत राहिली.

सासूबाई शेवटचं दीड वर्ष अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं मी केलं. धाकटी जाऊ सोलापुरातच राहते, दवाखान्यात नर्स आहे. ती रविवारी उपासनेनंतर यायची, केळी ठेवायची, दारातूनच "कशा हायत आई?" विचारायची आणि ड्युटी आहे म्हणून निघायची. जगाच्या म्हाताऱ्यांना उठवते-बसवते आणि घरच्या म्हातारीजवळ टेकत नाही, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

सासूबाई गेल्या. महिन्यानं आमच्याकडे त्यांच्या स्मरणार्थ प्रार्थनासभा झाली. मंडळीतल्या वीसेक बायका आल्या होत्या. शेवटची प्रार्थना माझी होती. आभार मानता मानता माझी गाडी घसरली. "प्रभू, ज्यांना आपल्या माणसांसाठी सवड नाही, त्यांना तू सवड दे." सगळ्या म्हणाल्या, "आमेन." जाऊसुद्धा म्हणाली, तिचा आवाज मी ओळखला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

मग लेंट लागला, ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस. दर बुधवारी एकेका घरी प्रार्थना असते. जाऊ एकाही बुधवारी फिरकली नाही. बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही बाहेर पडली. येणारा पाचवा बुधवार तिच्या घरी होता, तर तिनं यादीतून नाव काढायला सांगितलं. पाळकबाईंनी, म्हणजे आमच्या पाद्रींच्या बायकोनं, मला बाजूला घेतलं.

"नाव मी काढते. पण कशामुळं, ते तुमाला ठाऊक हाय की."

म्हणजे वीस बायकांनी डोळे मिटले होते, कान नाही. मी शरमेनं मान खाली घातली.

रोज सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आम्ही दुसऱ्यांना करतो तशी आम्हाला क्षमा कर' या ओळीपाशी मी अडखळू लागले. इतके दिवस वाटत होतं की क्षमा मी तिला करायची आहे, आणि ती मी करणार नाही. आता कळलं की मागायचीही मलाच आहे. हे मला मुळीच आवडलं नाही.

शनिवारी नवी पेठेतून शेंगाचटणी घेतली, कारण रिकाम्या हातानं जायचा धीर नव्हता, आणि रिक्षा केली. जाऊ नुकतीच ड्युटीवरून आली होती. अंगावर अजून युनिफॉर्म होता.

"माझं चुकलं," मी उभ्यानंच म्हणाले. "देवाला पुढं करून तुला बोलले."

"खोटं न्हवतं की ते, अक्का." ती खाली बघत होती. "दुसऱ्यांचं करताना माझे हात चालतात. आईंना तसं बघितलं की पाय दारातच थांबायचे. मला बघवत न्हवतं."

"मला राग आला होता. अजून थोडा हाय."

"असू दे. बसा. प्रार्थना करू."

आता हिची पाळी, मी मनात म्हटलं. डोळे मिटले, पण अर्धेच.

"प्रभू," ती हळू म्हणाली, "आई गेल्यावर त्यांना आंघोळ मी घातली. पाठीवर एक जखम न्हवती. दीड वर्ष पडून असलेल्या माणसाची अशी पाठ मी दवाखान्यातबी बघितली न्हाई. हे अक्कांनी केलं. घरात कुणीच त्यांना तसं म्हणलं न्हाई. आज मी म्हणते."

खरंच कुणी म्हणालं नव्हतं, नवरासुद्धा नाही. आणि ते ऐकायला मी किती आसुसले होते, हे मलाही ठाऊक नव्हतं. तिची प्रार्थना संपली. आमेन म्हणायची पाळी माझी होती, पण मी पदर डोळ्यांना लावला. तिनं माझा हात धरला.

"बुधवारी खुर्च्या कमी पडतील हितं. तुमच्या चार घेऊन या."

"आमेन," मी म्हणाले.