माशीला लावलेलं खोबरेल

आज थंडीने गोठलेली खोबरेलाची बाटली मी झाकणासकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवली आणि आतल्या आत स्फोट घडवला. त्या वासासरशी इकडच्या स्नोई माउंटन्स डोंगरांतला ओढा आठवला.

तेव्हा पुण्याहून दादा आला होता, केमोने डोकं गुळगुळीत झालेला. ट्राउट माशासाठी गळाला लावायची पिसांची खोटी माशी तेलकट केल्याशिवाय पाण्यावर तरंगत नाही, आणि तिचं मलम मी घरीच विसरलो होतो. दादाच्या पिशवीतलं खोबरेल काढलं.

"तिलाच लाव," दादा हसला. "मला आता कशाला?"

माशी प्रवाहाबरोबर अलगद आली. ट्राउटने ती तोंडात घेतली.

"दादा, ओढ!"

"राहू दे रे. एक तरी सुटू दे."

तेव्हा वाटलं, त्याला जमलं नाही. त्याच वर्षी तो गेला.

स्फोटाच्या आवाजाने बायको धावत आली. "दादाचं तेल..." एवढंच बोलून मी खिडकी उघडायला वळलो.

"नको उघडूस," ती म्हणाली. "वास राहू दे थोडा वेळ."