चोवीस टप्प्यांचा आवाज

बाबांनी रिटायर झाल्यावर घरीच अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. त्याच्या आवाजाचं बटण फिरवलं की खरखर व्हायची. म्हणून त्या बटणाच्या जागी बसवायला मी गोहलपूरच्या बाजारातून चोवीस टप्प्यांचा, दर टप्प्याला आवाज वाढवणारा स्विच आणला आणि दोन रविवार बसून प्रत्येक टप्प्यावर रेझिस्टर जोडले.

सुरुवातीला बाबा नवव्या टप्प्यावर गाणी ऐकायचे. दिवाळीपर्यंत ते चौदाव्यावर गेले. माझंच काही चुकलं असेल म्हणून मी डबा उघडून सगळे रेझिस्टर पुन्हा मोजले. आई म्हणाली, "मशीन काय पाहून राहिला? त्यांना माझी हाकही ऐकू येत नाही आता."

कानाची नस कमजोर झाली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. कानातल्या यंत्रानंही फारसा फरक पडला नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी मी बाहेरून येताच शेजारच्या काकू आवाजाची तक्रार घेऊन आल्या. मी आत धावलो. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, स्विच शेवटच्या टप्प्यावर होता आणि बाबा स्पीकरसमोर खुर्चीत बसले होते.

"अच्छा, तू आला," ते म्हणाले. "गाणं लावून दे ना जरा. बंद काहून आहे हे?"

मी आवाज कमी केला. त्यांना ते कळलंच नाही. ते माझ्याकडे बघत गाणं सुरू व्हायची वाट पाहत राहिले.