बेलार्मिनोचं झाकण बसेना

खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सहज बसते.’ बेलार्मिनो किंतावने तो पुठ्ठा फाडून त्याच्या चिंध्या केल्या, तरी राग जाईना. सहज कसलं बसतं! मागचा डावा कोपरा दाबला की उजवा बोटभर वर येत होता, दोन्ही दाबून धरले की पुढची कड फुगत होती, आणि झाकण पट्ट्यांवरून सरकायचं नाव घेत नव्हतं.

“हे झाकण कुठल्या गाडीचं आहे रे?” त्याने विचारलं.

“तुमच्याच,” गॅरेजवाला जोव्हिनो डेंटर म्हणाला. “कागदावर तरी तसंच आहे. फूस्का, पासष्टचं मॉडेल, सरकतं छत.”

“ज्याने बनवलं त्याने फूस्का कधी डोळ्यांनी पाहिली होती का? की कुणी त्याला फोनवर वर्णन करून सांगितलं?”

जोव्हिनोने खांदे उडवले. बाजारात डुप्लिकेट माल आल्यापासून त्याचं अर्धं आयुष्य असली बाळंतपणं करण्यात चाललं होतं. मडगार्ड घ्या, दरवाजाचं रबर घ्या, भोकाला भोक जुळेल तर शपथ. बरं, ओरिजिनल मागायची सोय नाही. ओरिजिनल झाकण बेलो ओरिझोंतेच्या जुन्या बाजारात कधीमधी दिसतं, आणि त्याची किंमत ऐकून माणूस नुसता हात लावून परत येतो.

आमच्या पोंते आल्ता गावात बेलार्मिनोला ओळखत नाही असा माणूस नाही. चाळीस वर्षं त्याने डेअरीची दुधाची लॉरी या डोंगरांतून वरखाली नेली. एकदाही दूध नासवलं नाही, आणि एकदाही कुणाचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. कुणी सहज काही म्हटलं तरी हा ते घरी घेऊन जाणार आणि आठवडाभर चघळत बसणार. सगळं रामायण घडलं ते या स्वभावापायी.

पासष्ट साली काही फूस्का, म्हणजे आमच्याकडच्या त्या कासवाच्या पाठीसारख्या छोट्या मोटारी, छतात सरकतं झाकण बसवून निघाल्या होत्या. आतून दांडा फिरवला की डोक्यावर आभाळ. आता आमच्याकडे ज्याची बायको दुसऱ्याच्या नादी लागते त्याला शिंगं फुटली म्हणतात. कुणातरी टवाळाच्या तोंडून निघालं, ते भोक नवऱ्याच्या शिंगांसाठी ठेवलंय. झालं! चांगल्या घरचे पुरुष त्या गाडीत बसायला लाजू लागले. डेअरीच्या मॅनेजरने आपली नवीकोरी गाडी मातीमोल भावाने काढून टाकली आणि ती बेलार्मिनोने घेतली. इतकी स्वस्त का, हे विचारायचंही त्याला भान नव्हतं. जानेवारीत लग्न होतं ना.

चर्चमधून घरी येताना नवरी झुल्मीरा सीटवर उभी राहिली. कमरेपर्यंत छताबाहेर, पांढरी ओढणी वाऱ्यावर, आणि साऱ्या बाजाराला हात हलवत ही बया हसतेय. दारूच्या दुकानापुढच्या टोळक्याने डोक्याला दोन बोटं लावून दाखवली. तिने त्यांनाही हात केला.

महिनाभर बेलार्मिनोने ऐकून घेतलं. “काय रे, मावतात ना?” “अजून वाढली तर छतच काढून टाक!” मग एकदा झुल्मीरा माहेरी गेल्याचं बघून त्याने गाडी जोव्हिनोच्या बापाकडे नेली आणि छतावर पत्रा ठोकून कायमचं वेल्डिंग करून घेतलं. निघालेलं झाकण कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं, ते तिथेच गंजून संपलं. झुल्मीरा परत आली, गाडीत बसली, वर बघितलं.

“तुझा माझ्यावर विश्वास नाही,” ती म्हणाली.

“लोक बोलतात गं,” हा म्हणाला.

विषय तिथे संपला. म्हणजे बेलार्मिनोला वाटलं की संपला. मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, झुल्मीराने गावातल्या निम्म्या बायकांचे कपडे शिवले, आणि फूस्का तशीच चालत राहिली, डोक्यावर ठिगळ घेऊन. इकडे दिवस असे फिरले की ज्यांनी छतं बंद करून घेतली नव्हती त्यांच्या गाड्यांसमोर लोक फोटो काढायला रांगा लावू लागले. अशीच एक गाडी गेल्या सप्टेंबरात टीव्हीवर दिसली. झुल्मीरा शिवण बाजूला ठेवून बघत राहिली.

“जानेवारीत लग्नाला साठ वर्षं होतील,” ती म्हणाली. “मुलं हॉलमध्ये जेवण ठरवतायत. मला जेवण नको, केक नको. तू ते छत उघडून दे.”

आजकाल चर्चच्या पायऱ्या चढतानाही तिला दोनदा थांबावं लागायचं. बेलार्मिनो हो म्हणाला. तिचं मागणं नुसत्या छताबद्दल नाही, एवढं त्या दगडालाही कळलं. हे काम जमलं नाही तर पुढे कुठल्या तोंडाने तिच्यासमोर बसायचं, हा घोर त्याच दिवशी लागला.

डुप्लिकेट झाकण साओ पावलोहून यायला नोव्हेंबर उजाडला. जोव्हिनोने सांगितलं होतं, आधी खोकं उघडू, माप घेऊ, मग कापू.

“भोक पाडल्याशिवाय माप कशावर घेणार?” बेलार्मिनोने त्याला गप्प केलं. “काप.”

जोव्हिनोने कापलं. बापाने वेल्डिंग असं केलं होतं की ग्राइंडरची पाती संपत आली तरी पत्रा सुटेना. “म्हाताऱ्याने तुमचे पैसे पुरेपूर फेडले, बेलार्मिनोकाका,” तो घाम पुसत म्हणाला. शेवटी पत्रा निघाला, खोकं फुटलं, आणि आत दोन्ही पट्ट्या डाव्या बाजूच्या निघाल्या. त्या बदलून यायला नाताळ झाला. आणि आता झाकण.

रबर तासून पाहिलं, रबर काढून पाहिलं. कडा हातोडीने ठोकल्या, मग ठोकलेल्या कडा परत सरळ केल्या. वाळूची पोती ठेवून झाकण रात्रभर दाबून ठेवलं. पोती उचलली तसं ते टुणकन होतं त्या जागी. जोव्हिनो म्हणाला, वरून पुट्टी भरू, दिसणार नाही. त्यावर बेलार्मिनो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरकायच्या झाकणाला पुट्टी! म्हणजे पुन्हा बंदच की.

मग त्याने दुकानाला फोन लावला.

“सर, या मालाबद्दल आमच्याकडे एकही तक्रार नाही,” पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

“आता आहे.”

“थोडं सेटिंग करावं लागतं, सर.”

“थोडं म्हणजे किती? माझा माणूस आठवडाभर त्याला ठोकतोय!”

“ठोकलं असेल तर मग परत घेता येणार नाही, सर.”

बेलार्मिनोने फोन जोव्हिनोच्या कॉफीच्या थर्मासवर आपटला.

लग्नाच्या वाढदिवसाचा शनिवार उजाडला तेव्हा डोंगरावर काळे ढग बसले होते. जानेवारीत आमच्याकडे दुपारी पाऊस येतोच. बेलार्मिनो सकाळपासून गॅरेजात, बाहीने कपाळ पुसत, एका कोपऱ्यावर गुडघा देऊन झाकण दाबत होता. एक्याऐंशीचा माणूस गाडीच्या टपावर चढलेला, आणि खाली जोव्हिनो त्याचा पाय धरून उभा.

“उतरा हो! आजच्या दिवशी मला खुनाच्या केसमध्ये अडकवू नका.”

“बसणार. आज याच्या बापाला बसावं लागेल.”

“कोण बसतंय तिथे?”

दारात झुल्मीरा उभी होती. हिरवा ड्रेस, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात फडक्यात बांधलेले गरम पाव दे केजू, चीजचे छोटे गोल पाव. एवढं चालून आल्याने तिला धाप लागली होती.

“तू कशाला आलीस? मी घ्यायला येणार होतो.”

“जेवणाच्या वेळेआधी येतोस की नंतर, म्हणून बघायला आले. खाली उतर, म्हाताऱ्या.”

तो उतरला आणि मनात साचलेलं सगळं एकदम तिच्यापुढे ओतायला लागला. पट्ट्या डाव्या निघाल्या. दुकानवाले चोर आहेत. पत्रा मापाचा नाही, रबर मापाचं नाही, हल्ली कुणाला कशाची चाडच नाही. बोलता बोलता तो गाडीला टेकला. “नाही जमलं गं मला,” तो म्हणाला. “एक गोष्ट मागितलीस, तीही नाही जमली. हे झाकण लागतच नाही.”

झुल्मीराने वाकून गाडीत पाहिलं. सीटवर भोकातून उजेडाचा चौकोन पडला होता.

“मी तुला छत उघडून दे म्हटलं होतं,” ती म्हणाली. “झाकण कुणी मागितलं?”

“अगं पण पाऊस आला तर?”

“भिजू.”

“सीटा कुजतील.”

“कुजू देत. नव्या सीटा साओ पावलोहून मागव, जोव्हिनोला काम होईल.”

“नको, झुल्मीराकाकी,” जोव्हिनो कळवळून म्हणाला, आणि पाव उचलून अंगणात निघून गेला.

तिने सावकाश, हाताने धरून धरून, स्वतःला सीटवर बसवलं. बेलार्मिनो स्टिअरिंगमागे बसला, पण किल्ली फिरवेना. त्या खोक्यावरचा, दुकानावरचा, पट्ट्यांवरचा सगळा राग उतरला होता आणि त्याच्या खाली जे होतं ते आता तोंडाशी आलं होतं.

“माझा तुझ्यावर अविश्वास नव्हता, झुल्मीरा,” तो समोर बघत म्हणाला. “एक दिवसही नव्हता. मी घाबरलो होतो. त्या दारूच्या दुकानापुढच्या चार रिकामटेकड्यांना घाबरलो. तुला काय वाटेल हे मनातसुद्धा आलं नाही.”

“ते मला तेव्हाच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी का बोलू? बोलायचं काम तुझं होतं.” तिने रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली. “इतकी वर्षं वाट बघितली. कधी कधी फार राग यायचा. आता चालव.”

त्याने गाडी सुरू केली, गॅरेजातून बाहेर काढली आणि सवयीने बाजार टाळून नदीकडच्या मोकळ्या रस्त्याला वळवू लागला. पहिला टपोरा थेंब सीटवर पडला.

“तिकडून नाही,” झुल्मीरा म्हणाली. “बाजारातून घे. आणि हळू चालव.”