हिरवी कांडी

नव्या चादरीच्या खळीचा वास आला की अक्कलकोट रोडवरचा, मी पूर्वी कामाला होतो तो आमचा कारखाना आठवतो. आधीचे मॅनेजर चूक दिसली की माणसाला कामावरून काढत, म्हणून बिघडलेली चादर गठ्ठ्यात दडवली जाई. नवे मॅनेजर येऊन महिना झाला, तेव्हा एका विणकराने आपणहून माग थांबवला. निळ्या काठात चुकून हिरव्या सुताची कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, लागून हिरवा पट्टा विणला गेला होता. "साहेब, चुकलं वो माझं," तो म्हणाला. साहेबांनी काठावर बोट फिरवलं. "शोभतंय की हिरवं! पण गिऱ्हाइकाला निळं पाहिजे. सांगितलंस ते बरं केलंस. चल, उसवू." दोघे मागावर वाकले. तेवढ्यात पलीकडून एक दबका आवाज आला, "साहेब, माझी पण चादर जरा बघता का?" आता मीही मॅनेजर आहे आणि अशा हाकेची वाट पाहतो.