नोंद नसलेली विहीर

माणूसजात टिकेल का, हा प्रश्न आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर दर उन्हाळ्यात चघळला जातो. मला त्याचा संताप येतो. माणूसजात म्हणजे नेमके कोण? इगतपुरीकडे पाऊस कोसळतो, धरणे भरतात, आणि वैशाखात आमच्या कॉलनीच्या भिंतीपलीकडील वस्तीत चार-चार दिवस नळाला पाणी नसते. त्या वस्तीला एक दगडी विहीर होती. ती आटलेली मी कधीही पाहिली नव्हती.

तिच्या काठावर कोणी बांधकामाचा राडारोडा टाकू लागले, तेव्हा मी महापालिकेकडे अर्ज केला. माझी हयात दिवाणी न्यायालयात लघुलेखक म्हणून गेलेली. अर्ज कच्चा असणे शक्यच नव्हते. नकाशा जोडला, छायाचित्रे जोडली आणि शेवटी स्वतःच्या हुशारीने एक परिच्छेद वाढवला : सदर विहिरीची नोंद तपासून तीस सार्वजनिक जलस्रोताचा दर्जा द्यावा.

त्यांनी नोंद तपासली. ती सापडली नाही. नोंद नाही म्हणून विहीर अनधिकृत, अनधिकृत म्हणून धोकादायक. महिन्याच्या आत डंपरने मुरूम आला आणि विहीर बुजवली गेली. दुष्काळाला जे जमले नव्हते, ते एका जावक क्रमांकाने केले. मला लेखी कळवण्यात आले, की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

तक्रार! मी विनंती केली होती. हा फरक स्पष्ट करणारी तीन पत्रे मी धाडली.

चौथ्याचा मसुदा हातात असताना वस्तीतल्या एक बाई हंडा घेऊन फाटकाशी आल्या. शाळेत शिपाई म्हणून निवृत्त झालेल्या. मी त्यांना मसुदा वाचून दाखवू लागलो.

"राहू द्या, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "तुमचं पत्र गेलं की काहीतरी बुजतंच. उद्या आमच्या नळाबद्दल लिहाल."

"बाई, कायद्याने पाहिलं तर..."

"कायदा पिऊ का? आधी हंडा भरू द्या."

मी वकील नाही, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी पाइप आणून माझ्या नळापासून भिंतीवरून पलीकडे सोडला. सोसायटीचे सचिव धावत आले.

"काका, आवाराबाहेर पाणी द्यायचं नाही, हा नियम तुम्हीच लिहिलाय."

"मला वाचता येतो तो."

त्यांची नोटीस आली आहे. तिला मी उत्तर देणार नाही. रोज सकाळी सहाला मी नळ सोडतो. पलीकडे बावीस घरे आहेत, आणि माझ्या वाट्याचे पाणी दहाव्या हंड्यालाच संपते.