मशिनला जाब विचारणारा मोरूदादा

मोरूदादा जितका जास्त चिडायचा, तितका त्याचा आवाज खाली जायचा. एरवी तो धाटावच्या बसस्टॉपवरून रस्त्यापलीकडच्या टपरीवर ओरडून चहा सांगायचा. पण खरा संतापला की त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागे. केमिकल कंपनीत तो मीटर आणि गेज सांभाळायचा, मी प्लान्टवर ऑपरेटर. एकदा टाकीतला दाब वाढला, गेजचा काटा मात्र जागचा हलला नाही, आणि ठपका आला माझ्यावर. मोरूदादाने तो गेज खोलून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि हलकेच म्हणाला, "पयला काट्याला पकडा साहेब. माणूस कुठं पळून चाललाय?"

रिटायर झाल्यावर त्याने रोह्याच्या घरात मागच्या खोलीत स्टुडिओ केला. भिंतींना गोधड्या, एक कॉम्प्युटर, एक माईक. गावोगावची भजनं रेकॉर्ड करायची त्याला हौस होती.

मी आमच्या कासू गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. वडखळजवळ मोटारसायकलवरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघून हात चालू लागला, तोच मंडळाने पेणच्या एका स्टुडिओत अभंग रेकॉर्ड करायचं ठरवलं. मालक समीर नावाचा तरुण होता. गाणं आधी झालं होतं. ते हेडफोनवर ऐकत मी पखवाज वाजवायचा. वाजवून झाल्यावर त्याने सगळ्यांना ऐकवलं. माझी प्रत्येक थाप गाण्याच्या किंचित मागे पडत होती.

"विलासकाका, हात गेला तुमचा," समीर म्हणाला. "राहू दे, मशिनचा ठेका टाकू."

मंडळातली माणसं लहानपणापासूनची. 'पुन्हा एकदा घेऊन बघू' एवढंही एकाच्या तोंडून निघालं नाही. माझाही स्वतःवरचा विश्वास उडाला. घरी येऊन पखवाज माळ्यावर टाकला.

बायकोने रोह्याच्या बाजारात मोरूदादाला हे सांगितलं. तो तसाच पिशवी घेऊन आमच्या घरी आला. "उतरव पखवाज," म्हणाला, आणि मला त्याच्या खोलीत नेऊन बसवलं. हेडफोनवर एक अभंग ऐकत मी वाजवलं, त्याने रेकॉर्ड केलं, आम्ही ऐकलं. थाप इथेही मागेच.

"बघ ना दादा. हात गेलाच," मी म्हटलं.

"तू गप. मी मशिनला इचारतो."

त्याने माईक काढून ठेवला. कॉम्प्युटरला जोडलेल्या डब्यातून आवाज जिथून बाहेर पडतो तिथे वायर लावली आणि तिचं दुसरं टोक आवाज आत घ्यायच्या जागी खुपसलं. मग एक 'टक' असा आवाज बाहेर सोडला. स्क्रीनवर दोन रेघा उमटल्या, एक सोडलेल्या आवाजाची, दुसरी फिरून आलेल्या आवाजाची. दुसरी मागे होती.

"ह्याच्यात तुजा हात कुठं हाय? दाखव मला!"

ती सगळी दुपार तो कॉम्प्युटरशी भांडला. आवाज साठवून पुढे पाठवायचं सेटिंग कमी केलं, तर खरखर सुरू झाली. मागे चालू असलेले बाकीचे प्रोग्राम बंद केले. डब्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो डबा चालवणारा प्रोग्राम, काढून नवा टाकला. संध्याकाळी दोन्ही रेघा एकाखाली एक आल्या. मी पुन्हा वाजवलं. थाप गाण्यावर बरोबर बसली. मी त्याच मनगटाने डोळे पुसले.

"रडू नको," मोरूदादा म्हणाला. "चिडायला शिक जरा."

दुसऱ्या दिवशी तो खिशात वायर घालून मला पेणला घेऊन गेला. समीरसमोर, त्याच्याच मशिनवर, तोच 'टक' सोडला. रेघ मागे.

"होतं असं कधीकधी," समीर हसला. "सोडून द्या दादा, मशिनचा ठेका लावून गाणी बाहेरसुद्धा गेली. चहा घेणार?"

मोरूदादाचा आवाज अगदी तळाला गेला. "कधीकधी? माणूस घरी बसवलास तू. मंडळासमोर बोललास ना? मग चूकपण मंडळासमोर सांग."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

मोरूदादाने वायर गुंडाळली आणि तो उठला. पुढे वर्षभर तो समीरला फोन करत राहिला. समीरने शेवटी फोन उचलणंच बंद केलं. आणि मोरूदादा एका सकाळी छातीत कळ येऊन गेला. समीरने चूक कबूल केलेली काही त्याच्या कानावर पडली नाही.

तेराव्याला त्याच्या घरी भजन होतं. मंडळ आलं, त्यांच्याबरोबर समीरही आला. मोरूदादाच्या बायकोने, वहिनींनी, पखवाजावर मलाच बसायला सांगितलं होतं. पहिला अभंग संपला तसा समीर कौतुकाने म्हणाला, "वा, विलासकाका! हात सुधारला की!" मंडळींनी माना डोलावल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "हात बिघडलाच नव्हता," मी म्हटलं. "तुझं मशिन मागे होतं. मोरूदादाने तुझ्यासमोर दाखवलं होतं. सांग इथे, खरं की खोटं?"

आतल्या दारातून वहिनी म्हणाल्या, "सांग ना रे. ते तुजी वाट बगतच गेले."

समीर खाली बघत पुटपुटला, "खरंय."

"मोठ्याने," मी म्हटलं.

"खरं आहे. चूक मशिनची होती. काकांची नव्हती."

मंडळातलं कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी 'असू दे' म्हटलं नाही. समीरला नाही, त्यांनाही नाही. पखवाज मांडीशी ओढला आणि अभंग गाणाऱ्या बुवांना म्हटलं, "घ्या पुढचा."