दाराच्या काचेपलीकडे

दहा मिनिटांनंतर वर्गात कोणालाही घ्यायचं नाही, हा नियम माझाच. पहिल्या दिवशी त्यावर मुलांच्या सह्याही मीच घेतल्या होत्या. आज मी कडी लावली आणि दाराच्या काचेपलीकडे वैशाली येऊन उभी राहिली. तिची एसटी उशिरा आली असणार. तिने दार वाजवलं नाही. सॅक पायाशी ठेवली, वही हातावर धरली आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागली.

कडी माझ्यापासून चार पावलांवर होती. पण गेल्याच आठवड्यात मी एकाला दारातून परत पाठवलं होतं, आणि तो समोरच बसला होता. नियम करताना तो मुलांसाठी आहे असं वाटतं. आपल्यालाही तो आत कोंडून घालेल, हे तेव्हा सुचत नाही. थोड्या वेळाने लक्षात आलं, माझं अक्षर मोठं होत चाललं होतं आणि मी फळ्याच्या दाराकडच्या टोकाला सरकले होते.

"मॅडम, इकडून दिसत नाहीये," खिडकीजवळच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

तास संपल्यावर मी कडी काढली. वैशालीने सॉरी म्हणत वही पुढे केली. सगळं नीट उतरवलेलं होतं, फक्त शेवटची आकृती अर्धी राहिली होती.

"तिथे मध्ये तुम्ही उभ्या होतात, मॅडम," ती म्हणाली.